एक राज्य, एक पोलीस दल

१९५१ पूर्वी मुंबई शहराचे पोलीस वेगळे, जिल्ह्यांचे वेगळे. शहराला १९०२ चा कायदा, जिल्ह्यांना १८९० चा. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने ही दले एकत्र केली. संपूर्ण राज्यासाठी एकच दल, असे कलम ३ सांगते.

एकीकरण योग्यच होते, असे मला वाटते. पण आपल्या मोहल्ल्यांत हा कायदा ओळखला जातो तो कलम ५६ मुळे, म्हणजे तडीपारीमुळे. माणसाच्या वागण्याने दहशत आहे, साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत, असे अधिकाऱ्याला वाटले की खटला न चालवता दोन वर्षांपर्यंत हद्दपारी. नोटिशीत आरोपांचे साधारण स्वरूप तेवढे असते. (त्यावर बचाव काय करणार?) आणि कायद्यातले अपील तीस दिवसांत, तेही राज्य सरकारकडेच.