बोगद्यातली पंगत

१० नोव्हेंबर १८२७ रोजी लंडनमध्ये टेम्स नदीच्या पात्राखाली एक मेजवानी झाली. मार्क ब्रुनेल यांच्या आराखड्यानुसार तिथे बोगदा खणला जात होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नदीचे पाणी आत घुसले, काम थांबले आणि पैसे गुंतवलेल्या लोकांचा धीर सुटू लागला. पाणी उपसून झाल्यावर कामावरचा तरुण इंजिनिअर, म्हणजे मार्क यांचा मुलगा इझंबार्ड, याने बोगद्यातच टेबले मांडली. कमानींवर किरमिजी पडदे सोडले, गॅसचे दिवे लावले, कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणीचा बँड बोलावला. पन्नासएक प्रतिष्ठित पाहुणे एका कमानीखाली जेवले. शंभराहून अधिक कामगारांची पंगत शेजारच्या कमानीखाली बसली. दोन महिन्यांनी, १२ जानेवारी १८२८ रोजी, पाणी पुन्हा घुसले आणि सहा माणसे बुडून मेली. मेजवानी बोगदा सुरक्षित आहे हे जगाला पटवण्यासाठी होती. बोगदा तेव्हा सुरक्षित नव्हता.

आज लंडनमधल्या कंपन्या डिसेंबरात हजार-पाचशे कर्मचाऱ्यांच्या नाताळ पार्टीसाठी जुनी गोदी, मासळीबाजार, बिअरचा कारखाना किंवा संग्रहालय भाड्याने घेतात. हा अलीकडच्या पैशाचा थाट आहे, असे सहज बोलले जाते. माझ्या मते या प्रथेचे कूळ बरेच जुने आहे आणि ते दुहेरी आहे. एका घराण्यात मालक जगाला दाखवण्यासाठी एखाद्या अचाट जागी मेजवानी देतो. बोगद्यातली मेजवानी त्या घराण्याची. दुसऱ्या घराण्यात कामाचीच जागा एका संध्याकाळपुरती रिकामी करून तिथे सगळे मिळून नाचतात. आजची पार्टी या दोन्हींच्या सोयरिकीतून आली आहे. जागा ठरवताना आपण कोणत्या घराण्याचा वारसा चालवतो आहोत, हे आयोजकाने ओळखायला हवे, कारण कोण आत बसणार आणि कोण शेजारच्या कमानीखाली, हे त्यावरूनच ठरते.

दुसऱ्या घराण्याचा एक जुना आणि भरभक्कम दाखला वकिलांचा आहे. ग्रेज इन ही लंडनमधल्या वकिलांची संस्था. तिथे ते राहत, शिकत आणि व्यवसाय करत. १५९४ च्या नाताळात तिथल्या तरुणांनी आपल्यातूनच एक खोटा राजा निवडला, त्याचा दरबार भरवला आणि इनर टेंपल या दुसऱ्या वकीलसंस्थेच्या ‘राजदूता’ला आमंत्रण दिले. २८ डिसेंबरच्या रात्री दिवाणखान्यात एवढी गर्दी झाली की ठरलेले कार्यक्रम करायला जागाच उरली नाही. इनर टेंपलची मंडळी नाराज होऊन निघून गेली. उरलेल्यांनी नाच केला आणि शेक्सपिअरचे ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’ पाहिले. पुढे त्या रात्रीला ‘गोंधळाची रात्र’ असेच नाव पडले. यात दोन गोष्टी आहेत. वर्षभर ज्या दिवाणखान्यात ज्येष्ठांसमोर अदबीने बसायचे, तिथेच कनिष्ठांनी राजा नेमायचा, ही मोकळीक त्या जागेतच शक्य होती. दुसरीकडे जाऊन केली असती तर तिला अर्थ उरला नसता. आणि दुसरी गोष्ट, मावतील तेवढ्याच माणसांना बोलवावे हा धडा लंडनला सव्वाचारशे वर्षांपूर्वीच मिळाला होता.

या घराण्याचे सर्वांना ठाऊक असलेले चित्र डिकन्सने रंगवले. १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये फेझिविग नावाचा व्यापारी नाताळच्या आदल्या संध्याकाळी काम थांबवतो, शिकाऊ पोरांकडून दुकानाच्या फळ्या लावून घेतो, वखारीतले सामान बाजूला सारून जमीन झाडून घेतो. व्हायोलिनवाला उंच मेजावर चढतो आणि वखारीचे नाचघर होते. या प्रसंगात मला सर्वांत मोलाची वाटते ती पाहुण्यांची यादी. मालकीण, तीन मुली, त्यांच्या मागे लागलेले तरुण आणि धंद्यात काम करणारी सगळी पोरेपोरी तर येतातच. शिवाय मोलकरीण आपल्या पाववाल्या नातलगाला आणते, स्वयंपाकीण दूधवाल्याला आणते, आणि समोरच्या घरचा एक पोरगाही येतो, ज्याला त्याचा मालक पोटभर खायला घालत नसावा असा सगळ्यांना संशय आहे. अकरा वाजता नाच संपतो, मालक-मालकीण दाराशी उभे राहून प्रत्येकाचा हात हातात घेतात. खर्च फार तर तीन-चार पौंड.

कादंबरीतला प्रसंग पुरावा कसा मानायचा, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. सगळे मालक फेझिविगसारखे होते, हे डिकन्सवरून सिद्ध होत नाही. त्याच कथेत कंजूष मालक स्क्रूज याचा कारकून नाताळची एक दिवसाची सुट्टीही महत्प्रयासाने मिळवतो. पण वाचक कशाला चांगला मालक मानत होते, एवढे त्यावरून नक्की कळते. शिवाय कथेतला एक तपशील इतिहासाशी घट्ट जोडलेला आहे. नाच संपल्यावर दोन्ही शिकाऊ पोरे झोपायला जातात ती दुकानाच्या मागच्या भागात, मेजाखाली. कामाची जागा हीच त्यांची राहण्याची जागा होती, म्हणून सण तिथेच होणे स्वाभाविक होते. नोकरांनी मालकाच्या छपराखाली राहण्याची ही रीत पुढे मोडत गेली. रेल्वे आली, उपनगरे वाढली, १८८३ च्या स्वस्त गाड्यांच्या कायद्याने कामगारांना पहाटे दुरून येणे परवडू लागले. १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्याने २६ डिसेंबर सुट्टीचा झाला, त्यामुळे सलग दोन दिवस माणसे आपापल्या घरी. ऑफिसचा नाताळ मग आधीच्या दिवसांत सरकला. आज डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांतल्या गुरुवार-शुक्रवारसाठी लंडनमध्ये जी झुंबड उडते, तिचे मूळ माणसे कामाच्या जागी राहीनाशी झाली या बदलात आहे.

दरम्यान पहिले घराणेही भरभराटीत होते. ३१ डिसेंबर १८५३ रोजी सिडनहॅमला शिल्पकार बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स यांनी इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या साच्यात मेजवानी दिली. क्रिस्टल पॅलेस या काचेच्या महालाच्या बागेत उभे करायचे महाकाय प्राणी ते तिथे घडवत होते. एकवीस पाहुणे आले. प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना बसायला डोक्याकडची जागा मिळाली. वर्षअखेर, कामाची जागा, कुणालाही हेवा वाटावा असे ठिकाण: आजच्या आयोजकाला हवे ते सारे तिथे होते. पण पाहुणे शास्त्रज्ञ आणि क्रिस्टल पॅलेस कंपनीचे बडे लोक होते. साचे ओतणारे हात त्या टेबलावर नव्हते. व्यापारी संघांच्या लंडनमधल्या सभागृहांतल्या मेजवान्याही याच वळणाच्या. ही सभागृहे मध्ययुगापासून आहेत, तेव्हा मेजवानीसाठी कामाच्या जागेबाहेर जाण्याची रीतही तितकीच जुनी ठरत नाही का, असे कोणी विचारील. ठरते, पण ती कसबी मालकांची रीत होती. तिथे मानाप्रमाणे आसने ठरत. शिकाऊ पोराला तिथे जेवायला मिळाले तर ते वाढपी म्हणून.

ही दोन घराणी एकत्र आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याचे कारण सणाशी संबंधित नव्हते. मालवाहतूक कंटेनरमध्ये गेली, मोठी जहाजे नदीत वरपर्यंत येईनाशी झाली आणि लंडनच्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या. वेस्ट इंडिया गोदी १९८० मध्ये बंद झाली. चिझवेल स्ट्रीटवरच्या व्हिटब्रेडच्या कारखान्यात १७५० पासून बिअर बनत होती, ती १९७६ मध्ये थांबली. होरेस जोन्स यांनी बांधलेल्या १८७७ च्या इमारतीतून बिलिंग्जगेटचा मासळीबाजार १९८२ मध्ये हलला. तळघरातल्या बर्फाने तिथली जमीनच गोठली होती आणि ती वितळल्यावर इमारत खचेल अशी धास्ती होती. ती खचली नाही. अशी प्रचंड, बिनखांबांची किंवा लोखंडी खांबांची दालने रिकामी झाली, आणि त्याच सुमारास ऑफिसे अशी बनली की त्यांची टेबले बाजूला सारून नाच करणे अशक्य झाले. फेझिविगला फळ्या लावून वखार झाडून घेता येत होती. तारांनी जमिनीला जखडलेल्या शेकडो संगणकांचे काय करणार? म्हणून पार्टी दुसऱ्यांच्या रिकाम्या झालेल्या कामाच्या जागेत गेली. लोकांना या इमारती आवडतात त्या केवळ विटा-लोखंडाच्या देखणेपणामुळे, असे मला वाटत नाही. कामाची जागा एका रात्रीपुरती उलटीपालटी झालेली पाहण्याची जुनी ओढ तिथे भागते.

या विचाराला सर्वांत जड आक्षेप इतिहासाचाच आहे. वेस्ट इंडिया गोदी १८०२ मध्ये खुली झाली ती गुलामांच्या श्रमांवर पिकलेली साखर उतरवण्यासाठी. तिथल्या एका वखारीत आता लंडन म्युझियम डॉकलँड्स आहे, आणि तिची दालने समारंभांसाठी मिळतात. गोदीचा एक प्रवर्तक, जमैकातील गुलामांचा मालक रॉबर्ट मिलिगन, याचा पुतळा संग्रहालयासमोरून जून २०२० मध्ये हलवण्यात आला. १८८९ मध्ये ताशी सहा पेन्स मजुरीसाठी लंडनच्या गोदी कामगारांना संप करावा लागला. अशा जागी नाचावे का? मला वाटते, नाचावे, पण जागेचा इतिहास झाकून नव्हे. याच संग्रहालयात २००७ पासून साखर आणि गुलामगिरीवर कायमचे दालन आहे. संध्याकाळच्या आरंभी ते पाहुण्यांसाठी उघडे ठेवता येते. भिंती फक्त शोभेसाठी वापरल्या की ज्यांनी तिथे ओझी वाहिली ते पुन्हा शेजारच्या कमानीखाली जातात.

मुंबईकराला हा प्रश्न परका नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव ओसरले, आणि लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत ऑफिसे, खानावळी, पब उभे राहिले. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. ज्या कामासाठी इमारत बांधली त्यापेक्षा वेगळ्या कामाला ती वापरताना बाहेर पडायच्या वाटा सर्वांत आधी मोजाव्या लागतात, हे त्या रात्रीने आपल्याला फार मोठी किंमत घेऊन सांगितले.

म्हणून नियोजनाचा क्रम उलटा हवा. आधी देखावा आणि मग माणसे, असे न करता आधी माणसांची संख्या, दारे, जिने, चाकाच्या खुर्चीची वाट आणि रात्री घरी जायची सोय पाहावी. इंग्लंडमध्ये परवाना नसलेल्या जागेत तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना देऊन मद्य देता येते, पण एका वेळी ४९९ पेक्षा जास्त माणसे तिथे असता कामा नयेत, आणि या आकड्यात वाढपी व कामगारही धरले जातात. सूचना साधारणपणे किमान दहा कामाचे दिवस आधी द्यावी लागते. पाचशे किंवा त्याहून जास्त माणसे असतील तर पक्का परवाना असलेली जागाच शोधावी लागते. ऑक्टोबर २०२४ पासून कर्मचाऱ्यांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून आधीच पावले उचलणे मालकांवर कायद्याने बंधनकारक झाले आहे, आणि ऑफिसची पार्टी त्यातून सुटत नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पैसेच वाटून टाका, असेही पुष्कळ जण म्हणतात. पगार कमी असेल तर पार्टीने तो भरून निघत नाही, हे खरे; दोन्हींची अदलाबदल कोणी सुचवू नये. पण पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जातात, आणि चौथ्या मजल्यावरची हिशेबनीस तळमजल्यावरच्या टपालवाल्याला त्याने भेटत नाही. ब्रिटिश करखात्यालाही हा फरक मान्य आहे. वार्षिक समारंभाचा खर्च माणशी १५० पौंडांपर्यंत असेल, तर कर्मचाऱ्याला त्यावर कर लागत नाही. एक पौंड जास्त झाला की मात्र सगळी रक्कम करपात्र. मर्यादा २००३ पासून तीच आहे, त्यामुळे अवाढव्य खर्चाला आपोआप लगाम बसतो. याहून महत्त्वाची अट दुसरी आहे: समारंभ सर्व कर्मचाऱ्यांना खुला हवा. निवडक अधिकाऱ्यांच्या मेजवानीला ही सवलत मिळत नाही.

पण आज ऑफिस झाडणारी बाई, दारावरचा पहारेकरी आणि उपाहारगृहातला आचारी बहुधा कंत्राटदाराचे नोकर असतात. कंपनीच्या यादीत त्यांची नावे नसतात, म्हणून ‘सर्वांना खुला’ म्हणतानाही ते वगळले जातात. माणशी खर्च काढताना करखाते आलेल्या पाहुण्यांचीही डोकी मोजते, तेव्हा त्यांना पाहुणे म्हणून बोलावल्याने दीडशेचे गणित बिघडत नाही. त्यांच्यावरचा खर्च कंपनीला नफ्यातून वजा करता येईल की नाही, हा हिशेबनिसाने पाहायचा वेगळा आणि लहान प्रश्न आहे. त्यांच्या पाळ्या संध्याकाळी असतात, म्हणून त्या रात्री ऑफिसची सफाई दुसऱ्या दिवसावर ढकलावी लागेल, आणि पहारेकऱ्याच्या बदलीची सोय करावी लागेल. कंत्राटदाराला त्या रात्रीची मजुरी कापू नये असे लेखी कळवावे लागेल. ही पत्रे सप्टेंबरात, जागेची अनामत भरण्याआधी जायला हवीत, कारण किती माणसांची जागा हवी, हे त्यांच्या उत्तरानंतरच कळणार आहे.