महाराणी जिंद कौर : लाहोर, लंडन आणि गोदाकाठ

नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिबची आज दिसणारी मुख्य वास्तू पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जेथे देह ठेवला, ती ही जागा. मुलूख निजामाचा आणि खर्च लाहोर दरबाराचा, असा तो योग होता. नांदेडकरांना हे बहुतेक पाठच असते.

हे बांधकाम चालू असतानाच, १८३५ साली, रणजितसिंगांनी पंजाबात आणखी एक विवाह केला. त्या राणीच्या देहाला अग्नी मिळाला तो २९ वर्षांनंतर, याच गोदावरीच्या काठी, नांदेडच्या कितीतरी वरच्या अंगाला, नाशिकला. तो देह लंडनहून आला होता. ही हकिकत मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

राणीचे नाव जिंद कौर. जन्म १८१७चा, गुजरांवाला भागातला. वडील मन्नासिंग औलख हे दरबाराच्या शिकारी कुत्र्यांच्या खात्यावर देखरेख करणारे चाकर. राजघराण्याचे रक्त नाही, माहेरी जहागिरीचे बळ नाही. पुढे शत्रूंनी त्यांच्या कुळाविषयी जी कुजबुज केली, तिचे मूळ या साध्या घरात होते. सप्टेंबर १८३८ मध्ये त्यांना पुत्र झाला, दलीपसिंग. पुढच्याच वर्षी, २७ जून १८३९ रोजी, रणजितसिंग वारले. त्यांच्या चितेवर चार राण्या सती गेल्या. तान्ह्या मुलाची आई असलेल्या जिंद कौर मागे राहिल्या.

त्यानंतरची चार वर्षे म्हणजे लाहोरच्या किल्ल्यातली एक अखंड कत्तल. खडकसिंग गेले. ज्या दिवशी त्यांना अग्नी दिला, त्याच दिवशी त्यांचा मुलगा नौनिहालसिंग कमानीखाली सापडून जखमी झाला आणि गेला. शेरसिंगांना सप्टेंबर १८४३ मध्ये गोळी घातली गेली. अशा रीतीने पाच वर्षांचा दलीप गादीवर बसला आणि जिंद कौर राज्याच्या पालक झाल्या. पेशवाईच्या अखेरच्या काळाचा ज्यांनी अभ्यास केला आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. गादीवर अज्ञान मूल, भोवती एकमेकांवर टपलेले सरदार आणि पगारासाठी अडून बसलेली फौज.

फरक एवढाच की ही फौज साधीसुधी नव्हती. रणजितसिंगांनी नेपोलियनच्या सैन्यातून आलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली तयार केलेली खालसा फौज त्या वेळी हिंदुस्थानात इंग्रजांना खरी धास्ती वाटावी अशी एकमेव शक्ती उरली होती. पलटणींनी आपापले पंच निवडले होते आणि हे पंच वजीर ठरवू अथवा उडवू शकत. २१ सप्टेंबर १८४५ रोजी त्यांनी जिंद कौर यांचे सख्खे भाऊ, वजीर जवाहरसिंग यांना छावणीत बोलावले. ते हत्तीवरून आले, मांडीवर भाचा दलीप. शिपायांनी मुलाला उचलून बाजूला केले आणि मामाला तेथेच ठार केले. बहीण समोर होती. दलीपसिंग तेव्हा सात वर्षांचा होता.

तीन महिन्यांत इंग्रजांशी युद्ध जुंपले. भावाचा सूड म्हणून राणीने स्वतःच्या फौजेला मुद्दाम आगीत ढकलले, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. त्यात तथ्य किती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण या आरोपाने एक सोय होते हे खरे. लालसिंग आणि तेजसिंग हे सेनापती शत्रूशी संधान बांधून होते आणि फेब्रुवारी १८४६ मध्ये सोब्राँवच्या लढाईत सतलजवर हजारो शिपाई बुडाले, तो सारा दोष एका विधवेच्या पदरात टाकता येतो. दरबार विकला गेला असताना एकट्या राणीकडे बोट दाखवणे हा न्याय नव्हे.

युद्धाचा हिशेब मार्च १८४६च्या लाहोर तहात झाला. जालंधर दुआब गेला, दीड कोटीचा दंड बसला, आणि त्या दंडापोटी सोडावा लागलेला काश्मीर इंग्रजांनी ७५ लाखांना गुलाबसिंगाला विकला. डिसेंबरात भैरोवालचा दुसरा तह आला. त्याने इंग्रज रेसिडेंट सर्वाधिकारी झाला आणि जिंद कौर यांना वर्षाला दीड लाख रुपये लावून कारभारातून काढून टाकण्यात आले. मुलाच्या वतीने केलेल्या तहात मुलाच्या आईलाच वगळण्याचे हे कलम होते.

त्या गप्प बसल्या नाहीत. ऑगस्ट १८४७ मध्ये तेजसिंगाला सियालकोटचा राजा करण्याचा समारंभ होता. तिलक लावण्याची वेळ आली तेव्हा आठ वर्षांच्या दलीपसिंगाने हात मागे बांधले आणि नकार दिला. हा धडा आईचा, हे रेसिडेंट हेन्री लॉरेन्सने ओळखले. थोड्याच दिवसांत जिंद कौर यांची रवानगी शेखूपुऱ्याच्या किल्ल्यात झाली आणि तनखा ४८ हजारांवर आला. मुलगा लाहोरातच राहिला. यानंतरची त्यांची पत्रे उपलब्ध आहेत. राज्य घ्यायचेच आहे तर उघडपणे का घेत नाही, असे त्यांनी रेसिडेंटला सरळ विचारले. मूल आईपासून तोडण्याचे कारण मागितले. उत्तर मिळाले नाही. मिळाले ते एक नाव, रोमन सम्राटाच्या बदनाम राणीवरून बेतलेले: ‘पंजाबची मेसालिना’. मजा अशी की गव्हर्नर जनरल डलहौसी खासगी पत्रात याच बाईविषयी लिहितो की पंजाबात पुरुषाची म्हणावी अशी अक्कल असेल तर ती फक्त हिच्यापाशी आहे.

मे १८४८ मध्ये त्यांना बनारसला हलवले. पदच्युत राजकुळांना काशीची वाट दाखवणे ही कंपनीची जुनी रीत. दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजीअप्पा यांनाही तीच वाट दाखवली गेली होती. राणीच्या हद्दपारीने पंजाबातल्या शिपायांत संताप पसरला आणि दुसऱ्या शीख युद्धाच्या कारणांत तोही एक ठरला. २९ मार्च १८४९ रोजी पंजाब खालसा झाला, कोहिनूर इंग्लंडच्या राणीसाठी मागून घेतला गेला.

तोवर जिंद कौर चुनारच्या किल्ल्यात होत्या. एप्रिल १८४९ मध्ये एका रात्री दासीचा वेश करून त्या पहाऱ्यातून निसटल्या. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यांनी कैद करणाऱ्यांना चिडवले होते की तुमच्या कड्याकुलुपांतून मी कशी गेले ते पाहा. मग सुमारे दहा दिवसांचा जंगलातला प्रवास, आणि महिनाअखेरीस काठमांडू. नेपाळच्या जंगबहादुर राणाने आश्रय दिला. राहायला थापाथळीत घर मिळाले, खर्चाची सोय झाली, पण इंग्रज रेसिडेंटची नजरही बसली. दागिने हिंदुस्थानातच जप्त झाले होते. तेथे त्यांची ११ वर्षे गेली. १८५७च्या उठावानंतर नानासाहेब पेशव्यांच्या घरच्या स्त्रियाही नेपाळातच आल्या.

या काळात मुलाचे काय झाले? डॉ. जॉन लॉगिन या स्कॉटिश पालकाच्या ताब्यात फतेहगढला राहून दलीपसिंग १८५३ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेले. व्हिक्टोरिया राणीच्या दरबारात त्यांचे कौतुक झाले, विंटरहाल्टर या नामांकित चित्रकाराने त्यांचे चित्र रंगवले. आईची आठवण मात्र पुसली गेली नव्हती.

येथे एक मराठी माणूस या कथेत येतो. नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे, बनारसमध्ये वाढलेले चित्पावन शास्त्री, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात त्यांचे नाव पुढे ठळकपणे येते. ते दलीपसिंगांसोबत इंग्लंडला गेले होते. आईची खुशाली काढण्यासाठी दलीपसिंगांनी त्यांनाच काठमांडूला धाडले, पण राणीला भेटण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही.

शेवटी दलीपसिंग स्वतः निघाले, बंगालात वाघाची शिकार करायची हे निमित्त सांगून. इंग्रजांचाही विरोध आता मावळला होता, कारण रेसिडेंटचा अहवाल सांगत होता की राणी थकली आहे आणि दृष्टी जवळजवळ गेली आहे. जानेवारी १८६१ मध्ये कलकत्त्याच्या स्पेन्सेस हॉटेलात भेट झाली. ताटातुटीला १३ वर्षे उलटली होती. नऊ वर्षांचा मुलगा २२ वर्षांचा झालेला, आणि आईला त्याचा चेहरा धड दिसत नव्हता. चीनच्या मोहिमेवरून परतणाऱ्या शीख पलटणी त्या वेळी कलकत्त्यात होत्या. बातमी फुटताच शिपाई हॉटेलाभोवती जमले आणि जयघोष सुरू झाला. लाटसाहेब कॅनिंगने दलीपसिंगांना पहिल्या बोटीने परत जाण्याची विनंती केली. आई बरोबर निघाली. मुलापासून पुन्हा दूर व्हायचे नाही, हे तिने ठरवलेच होते.

लंडनच्या लँकेस्टर गेटजवळचे घर, यॉर्कशायरमधला मल्ग्रेव्ह वाडा, मग केन्सिंग्टनचे ॲबिंग्डन हाउस, असे त्यांचे इंग्लंडातले वास्तव्य अडीच वर्षांपेक्षा कमी काळाचे. हिंदुस्थानी पेहरावाखाली क्रिनोलिनचा फुगारा घालून त्या लेडी लॉगिनकडे भेटीला गेल्याचे वर्णन मिळते. १८६३ मध्ये जॉर्ज रिचमंडने काढलेल्या चित्रात मोत्यापाचूंनी मढलेली, थकलेल्या डोळ्यांची राणी दिसते. तिकडे डिसेंबर १८६१ मध्ये प्रिन्स ॲल्बर्ट वारले आणि व्हिक्टोरियाही विधवा झाली. एका राणीच्या दुःखात साऱ्या साम्राज्याने काळे कपडे घातले. त्याच शहरातली दुसरी विधवा मुलाला सांगत होती की पंजाबात तुझी वडिलोपार्जित मिळकत काय काय होती.

दलीपसिंग कोहिनूरविषयी आणि आपल्या खासगी मिळकतीविषयी प्रश्न विचारू लागले, तसे दरबारी मंडळींचे कान टवकारले. आई-मुलांची घरे वेगळी करवण्यात आली. या बोलण्यांचा परिणाम पुसता आला नाही. पुढे १८८६ मध्ये एडनला दलीपसिंगांनी पुन्हा शीख धर्म स्वीकारला आणि आयुष्यभराचा तनखा झुगारला. त्या बंडाची बीजे केन्सिंग्टनमध्येच पडली होती, असे मानायला पुरेसा आधार आहे.

१ ऑगस्ट १८६३ रोजी जिंद कौर झोपेतच गेल्या. वय ४६. आपली माती या देशात पडू नये, अशी त्यांची इच्छा होती. पण इंग्लंडात तेव्हा दहनाची सोयच नव्हती. तेथे पहिले अधिकृत दहन झाले ते १८८५ साली. म्हणून देह केन्सल ग्रीनच्या दफनभूमीतल्या एका चॅपेलमध्ये ठेवावा लागला. १८६४च्या वसंतात परवानगी आली, तीही अटीसह. देह पंजाबात न्यायचा नाही. अंध, निर्धन होऊन मेलेल्या बाईची राखसुद्धा सरकारला लाहोरात नको होती.

दलीपसिंग मुंबईला उतरले आणि नाशिकला गेले. रावीच्या जागी गोदावरी आली. हे तेच नाशिक, जेथे ग्वाल्हेरहून परागंदा झालेल्या बायजाबाई शिंदे यांनी काही वर्षे काढली होती. अंत्यविधी झाला, राख नदीत सोडली गेली आणि डाव्या तीरावर लहानशी समाधी बांधण्यात आली. तिची व्यवस्था पुढे कपुरथळा संस्थानाकडून होत असे. दलीपसिंग परतीच्या वाटेवर अलेक्झांड्रियाला थांबले आणि तेथे जूनमध्ये बांबा म्युलर या तरुणीशी त्यांनी लग्न केले.

मुलीचे नावही त्यांनी बांबाच ठेवले. ही नात पुढे लाहोरात जाऊन राहिली. १९२४ साली तिने नाशिकच्या समाधीतल्या आजीच्या अस्थी लाहोरला नेल्या आणि रणजितसिंगांच्या समाधीत ठेवल्या. १८४८ पासून बंद असलेला रस्ता ७६ वर्षांनी उघडला. केन्सल ग्रीनच्या चॅपेलची दुरुस्ती चालू असताना १९९७ मध्ये जिंद कौर यांच्या नावाची संगमरवरी शिळा सापडली. राजकन्या बांबा १९५७ साली लाहोरातच वारल्या. फाळणीला तेव्हा दहा वर्षे झाली होती, आणि आजी-आजोबांची समाधी पाकिस्तानात गेली होती.