बारीपाडा
धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील, गुजरातच्या हद्दीजवळचा आदिवासी पाडा. वस्ती मुख्यतः कोकणा समाजाची. गावकऱ्यांनी राखलेल्या सुमारे 445 हेक्टर जंगलामुळे तो देशभर माहीत झाला. आरोग्य, मजुरी आणि जंगल यांची शासकीय दप्तरे वेगवेगळ्या खात्यांत असली, तरी बारीपाड्यात हा हिशेब एकच आहे.

पश्चिम साक्रीत पाऊस पूर्वेकडच्या पठारापेक्षा बराच जास्त पडतो. तरीही डोंगर बोडके झाले तेव्हा ते पाणी मातीसकट उतारावरून निघून जाई आणि उन्हाळ्याआधीच विहिरी आटत. मग झऱ्याच्या डबक्यातले गढूळ पाणी बायकांनी लांबून डोक्यावरून आणायचे. अशा पाण्याने जुलाब, जुलाबाने बुडालेली मजुरी, मजुरी बुडाली की उसनवारी. या भागातील अनेक कुटुंबे भात काढून झाला की ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. मुलांची शाळा आणि लसीकरण तिथेच तुटते.

1990 च्या दशकाच्या आरंभी गावाने वनसंरक्षण समिती करून कुऱ्हाडबंदी केली, तोडणाऱ्याला दंड लावला आणि श्रमदानातून चर व बांध घातले. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेऊनही गावातच राहिलेले चैत्राम पवार यांनी याचे नेतृत्व केले. वनवासी कल्याण आश्रमाचीही त्यांना साथ होती. झाडोरा वाढला, पालापाचोळ्याने माती धरली, पाणी मुरू लागले. विहिरींना पाणी टिकल्यावर भातामागून दुसरे पीक घेता आले, आणि स्थलांतराची गरजच कमी झाली. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. दंड भरणारे आणि राखण करणारे गावकरी त्या सन्मानाचे तितकेच धनी आहेत.

जंगल परतले तसे ताटही बदलले. 2004 पासून येथे वनभाजी स्पर्धा भरते. रानातल्या पालेभाज्या, कंद, बांबूचे कोवळे कोंब शिजवून बायका मांडतात. पावसाळ्यात कणगी रिकामी होते, तेव्हा याच भाज्या घर चालवतात. कुपोषणाच्या सरकारी योजनांनी या ज्ञानाची दखल फारच थोडी घेतली आहे.

एक दुवा मात्र पूर्णपणे गावाच्या हातात नाही: चुलीचा धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे 2020 मध्ये जगभर सुमारे 32 लाख मृत्यू झाले. लाकडाची चूल जंगलावर आणि बाईच्या छातीवर एकाच वेळी भार टाकते. 2016 च्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत गॅसजोडणी पोचवली. पण रोख मजुरी मोसमापुरती असली की भरलेली टाकी परवडत नाही आणि सरपणाची मोळी पुन्हा घरी येते. दुबार पिकाचा पैसा इथे फक्त शेतीचा राहत नाही. टाकी पुन्हा भरायची ऐपतही त्याच पैशातून येते.