खरखर कुठून येते?



शिराळ्याची नागपंचमी असो, गावचा सप्ताह असो की आपल्या गटाचं हळदीकुंकू, आवाज लागल्याशिवाय कार्यक्रम सुरू झाल्यासारखं वाटत नाही. तो आवाज मोठा करतो ॲम्प्लिफायर. काही ठिकाणी अजून कॅसेटच्या जमान्यातला स्टीरिओ आहे, डाव्या-उजव्या दोन बाजूंचा. तो खरखरायला लागला की लगेच कुणीतरी म्हणतं, "भंगारात घाला." घालण्याआधी एक जुनी हकीकत ऐका.

१९३१ सालची गोष्ट. अमेरिकेत बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनिअर होता. समुद्रापार बिनतारी फोनवर बोलताना खरखर येई. ती कुठून येते, हे शोधायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं मोटारीच्या चाकांवर फिरणारी मोठी एरियल उभारली आणि कोणत्या दिशेनं, किती वाजता, कसा आवाज येतो याची नोंद ठेवली. नोंदींवरून त्यानं खरखरीचे तीन वाटे केले. जवळच्या वादळातल्या विजा, लांबच्या वादळातल्या विजा आणि एक मंद, एकसारखी सूं-सूं. ही सूं-सूं रोज सुमारे चार मिनिटं आधी भरात येई. तारेही रोज तेवढेच आधी उगवतात! १९३३ साली त्यानं जाहीर केलं, हा आवाज आकाशगंगेकडून येतो. त्यातूनच पुढं रेडिओ दुर्बिणी आल्या. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली दुर्बीण त्याच वाटेवरची. प्रत्येकी ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या आहेत तिथं.

जान्स्कीची रीत साधी होती. खरखर कधी येते, कुठून येते आणि काय केल्यावर बदलते, हे त्यानं पाहिलं. हीच रीत आपल्या ॲम्प्लिफायरला लावू.

आवाजाचं बटण पूर्ण खाली करा. तरीही घुंऽऽ चालूच राहिलं, तर दोष बहुधा आतल्या वीजपुरवठ्यात आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. ती सपाट करणारे कंडेन्सर वर्षानुवर्षांत सुकतात, मग घुंऽऽ वाढतं. बटण खाली करताच आवाज गेला, तर माईक, टेप किंवा त्यांच्या वायरी तपासा. बटण फिरवतानाच खर्रर होतं? मग आत धूळ बसली आहे. माईक कर्ण्यासमोर आला की शिट्टी वाजते, तेव्हा माईक कर्ण्याच्या मागं न्या.

एकाच बाजूला खरखर असेल, तर यंत्र बंद करून टेपकडून येणाऱ्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. खरखर दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टेपमध्ये किंवा वायरीत. जागची हलली नाही, तर ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्या बाजूच्या कर्ण्यात.

अगदी बारीक सूं-सूं मात्र चांगल्या यंत्रालाही असते. उष्णतेनं तारेतल्या विजेची सतत चुळबूळ चालते. जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोघांनी १९२८ साली हे दाखवून दिलं, तेही त्याच प्रयोगशाळेत. तेवढ्यासाठी खर्च करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन यंत्रं वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडली की कधीकधी घुंऽऽ येतं. ते थांबवायला काही जण अर्थिंगची जाड पिनच काढून टाकतात. घुंऽऽ थांबतं, पण पुढं आत वायर सुटली तर यंत्राच्या पत्र्यात आणि बोलणाऱ्या बाईच्या हातातल्या माईकमध्ये करंट उतरू शकतो. असं कुणालाही करू देऊ नका. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावून पाहा.

झाकण स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो. तुमची नोंद मात्र मेकॅनिकपुढं ठेवा. "खराब झालंय" एवढंच सांगितलं तर तो म्हणेल ते ऐकावं लागतं. "बटण खाली केलं तरी घुंऽऽ जात नाही" असं सांगितलं, तर काय बदलायचं आणि त्याला किती पैसे पडतील, हे आपण विचारू शकतो. गटाचा पैसा असाच वाचतो.