जायकवाडीची बेटं

जायकवाडी धरण जायकवाडीत नाहीच! आधी ते बीड जिल्ह्यातल्या त्या गावाजवळ बांधायचं घाटत होतं. मग जागा वर पैठणला सरकली, नाव मात्र तेच राहिलं. १९६५ साली शास्त्रीजींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिराबाईंनी उद्घाटन.

मागच्या हिवाळ्यात आम्ही मित्र तिथे मोटरबोटीतून फिरलो. तीसेक बेटं, पक्षीच पक्षी (१९८६ पासून अभयारण्य आहे, बरं का), सगळ्यांचे कॅमेरे सुरू. पण ही बेटं म्हणजे बुडालेल्या शिवारांचे उंचवटे. शंभरावर गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्यातल्या एकाही गावाचं नाव आम्हाला सांगता येईना. बोटवाल्याला मात्र पाठ होती.

आमचं वडीगोद्रीचं शेत ह्याच धरणाच्या डाव्या कालव्यावर. काकांना विचारलं तर म्हणाले, "कालव्याला पाणी आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते."