शिंदीचा मुलूख आणि पांढरी वाइन

समुद्रकाठच्या थंड प्रदेशातल्या पांढऱ्या वाइनची तरतरीत आंबट चव गार रात्री टिकवतात. उन्हात द्राक्षातलं आम्ल लवकर घटतं. लातूर-नांदेडला अशी वाइन झाली नाही ती हवामानामुळेच, असं कुणी म्हणेल. नाशिकच्या रात्री अधिक गार, हे मान्य. पण लातूरही साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. खरा फरक पाण्याचा आणि धोरणाचा. धोरणाचं म्हणाल, तर इथलं जुनं पेय शिंदी, म्हणजे शिंदीच्या झाडाच्या रसाची ताडीसारखी दारू. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्याच्या तिजोरीत अबकारीचा, म्हणजे दारूवरच्या कराचा, वाटा मोठा, म्हणूनच तर हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडं तोडली गेली! पुढे महाराष्ट्राच्या २००१च्या वाइन धोरणानंतर वाइन पार्कही नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरला आणि सांगली जिल्ह्यातल्या पलूसला झाले. आणि पाण्याचं म्हणाल, तर लातूरला २०१६ मध्ये पिण्याचं पाणीसुद्धा मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं.