चाकांवरच्या घराचे मोल

कारखान्याच्या शेअरचा भाव आणि त्याचे मोल या दोन गोष्टी एक नव्हेत. भाव रोखेबाजार रोज सांगतो. मोल कळावयास काळ जावा लागतो. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या लहानशा गावाने हा धडा अनुभवाने घेतला.

शेतीत माणसे कमी लागू लागली, तसे तेथील तरुण गाव सोडू लागले. तेव्हा फर्निचरचे दुकान चालविणारे जॉन हॅन्सन व इतर गावकरी यांनी खटपट करून, मोटारीमागे ओढावयाची फिरती घरे बांधणारा एक कारखाना १९५८ मध्ये गावात आणविला. तो लवकरच डबघाईस आला. १९५९ मध्ये हॅन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकत घेतला. हीच पुढची 'विनेबागो' कंपनी. १९६६ पासून तेथे स्वतःचे इंजिन असलेली घरे बनू लागली. १९७० मध्ये शेअरांची न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात नोंद झाली, भाव भराभर चढला आणि गावातील कित्येक भागधारक कागदोपत्री लक्षाधीश झाले.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी अमेरिकेचे तेल रोखले. पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या, विक्रेत्यांच्या आवारात घरे पडून राहिली आणि भाव कोसळला. कारखाना तोच होता, कारागीरही तेच होते. फिरले होते ते गिऱ्हाईकाचे मन.

फिरते घर ही निकडीची वस्तू नव्हे. बहुधा ते कर्जाने घेतले जाते; म्हणून व्याज, इंधन किंवा नोकरीची चिंता वाढली की खरेदी प्रथम लांबणीवर पडते. २०२१ मध्ये या उद्योगाने सुमारे ६ लाख वाहने विक्रेत्यांकडे रवाना केली. २०२३ मध्ये ती संख्या सुमारे ३ लाख १३ हजारांवर आली.

येथेच हिशेब फसवा होतो. समजा, तेजीत शेअरमागे नफा १० डॉलर आणि भाव ६० डॉलर आहे. नफ्याच्या अवघ्या सहापट भाव, म्हणून शेअर स्वस्त वाटतो. मंदीत नफा २ डॉलरवर आला, की तोच भाव तीसपट ठरतो. म्हणून जाणता परीक्षक एका वर्षाचा नफा पाहत नाही. तेजी-मंदीच्या पूर्ण फेऱ्याची सरासरी काढतो. विक्रेत्यांकडे न विकलेला माल किती आहे आणि कंपनीवर कर्ज किती आहे, हेही तो तपासतो. कारण मंदीत नफा आटतो, व्याज आटत नाही.

विनेबागो त्या मंदीतून तगली. परंतु ऐन तेजीत शेअर घेणाऱ्यास कारखाना तगल्याचे समाधान पुरेसे होत नाही. त्याने मोजलेली किंमतच त्याचे नशीब ठरविते.